छोट्या काचपेटीत कोणता सरपटणारा प्राणी पाळता येतो? ‘नाण्याएवढं कासव’ घरी आणण्याआधी हे वाचाच!

माशांच्या दुकानात एका कोपऱ्यात प्लास्टिकचं पसरट भांडं ठेवलेलं असतं. त्यात दोन बोटं पाणी, मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि त्याभोवती धडपडणारी पाच-सहा हिरवीगार पिल्लं. प्रत्येकाच्या डोळ्यामागे लाल पट्टा. आकार पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठा.

मुलं हट्ट धरतात. कुणीतरी सांगतं, घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते. दुकानदार म्हणतो, “हे एवढंच राहतं, छोट्या टाकीत ठेवा, काही त्रास नाही.” आणि कासव घरी येतं.

काही वर्षांनी तेच कासव जेवणाच्या ताटाएवढं झालेलं असतं. टाकीत त्याला वळताही येत नाही, पाण्याला वास येतो, ते कुणालाच नको असतं. मग एका संध्याकाळी त्याची रवानगी जवळच्या तलावात किंवा देवळाच्या विहिरीत होते.

यात कासवाची काहीच चूक नसते. चूक असते ती क्रमाची. आधी प्राणी आवडला, मग पेटी आणली आणि तो किती मोठा होणार हे सगळ्यात शेवटी कळलं. सध्या रील्समध्ये हातावर बसलेले गोंडस गेको आणि खांद्यावरचे इग्वाना पाहून अनेकांना असा प्राणी पाळावासा वाटतो. फ्लॅटमध्ये जागा मात्र असते दोन-तीन फुटांची. एवढ्या जागेत खरंच काय राहू शकतं? चला, समजून घेऊया.

पेटी छोटी असली की प्राणी छोटा राहतो का?

अजिबात नाही. हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक गैरसमज आहे.

कोणता प्राणी किती वाढणार हे त्याच्या जातीवर ठरतं. छोट्या पेटीत वाढ खुंटलेली दिसली, तर ती बहुतेक वेळा आजाराची खूण असते. चुकीचं खाणं, उन्हाचा अभाव आणि कॅल्शियमची कमतरता यामुळे हाडं मऊ पडतात, कासवाची पाठ वेडीवाकडी होते, सरड्याचे पाय वाकतात.

लाल पट्ट्याचं ते कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. त्यातली मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. कासव पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब रूढ आहे. पाठीच्या दर इंचामागे साधारण ३८ लिटर पाणी. म्हणजे दहा इंचांच्या मादीला ३८० लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन ३८० किलो! त्यात काच, दगड, फिल्टर आणि स्टँड वेगळा. फ्लॅटच्या गॅलरीत हे ठेवायचं म्हटलं तर आधी इंजिनिअरला विचारावं लागेल.

आणि तलावात सोडणं हा उपाय नाहीच. जगातल्या सर्वांत वाईट शंभर आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. ते स्थानिक कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. म्हणूनच युरोपियन युनियनने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली.

मग छोट्या पेटीत नेमकी अडचण काय असते?

अनेकांना वाटतं, सरपटणारा प्राणी दिवसभर एका जागी पडून तर असतो, त्याला जागा कशाला हवी?

यामागचं कारण समजलं की बाकी सगळं सोपं होतं. माणसाचं शरीर स्वतःच स्वतःला गरम ठेवतं. पाल, सरडा, साप, कासव यांना ते जमत नाही. त्यांना उष्णता बाहेरून घ्यावी लागते. खाल्लेलं पचवायला ऊब हवी आणि अंग फार तापलं की गारवा हवा. रानात ते उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाऊन हे साधतात.

पेटीतही हेच जमलं पाहिजे. एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा. तीन फुटांच्या पेटीत हा फरक ठेवता येतो. एक फुटाच्या पेटीत दिवा लावला की अख्खी पेटी तापते आणि बंद केला की अख्खी गार पडते. प्राण्याला निवडच उरत नाही. असा प्राणी खाणं सोडतो, खाल्लेलं पोटात तसंच राहतं आणि हळूहळू तो खंगत जातो. घरच्यांना वाटतं, “शांत झालाय.”

म्हणून पेटीचं माप म्हणजे नुसती फिरायची जागा नसते, त्यावर पचनही अवलंबून असतं.

आधी कायदा, मग आवड

भारतात हा मुद्दा सगळ्यात आधी येतो, कारण इथली चूक थेट तुरुंगात नेऊ शकते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे अनेक सरपटणारे प्राणी संरक्षित आहेत. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं तारा कासव, घोरपड, अजगर हे पहिल्या अनुसूचीत येतात. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद होऊ शकते. “गावाकडे सापडलं”, “नातेवाइकाने भेट दिलं”, “वास्तूसाठी ठेवलंय” ही कारणं चालत नाहीत. तारा कासवाची तस्करी इतकी वाढली होती की २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या कराराखाली सर्वांत कडक बंधन घातलं गेलं.

मग परदेशी प्राणी? तिथेही नियम आहेत. साइट्सच्या परिशिष्टांमध्ये नाव असलेल्या परदेशी प्राण्यांची, उदाहरणार्थ बॉल पायथन किंवा ग्रीन इग्वाना, नोंदणी करावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने हे कायद्यात आलं आणि २०२४ च्या नियमांनुसार ही नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं.

एक साधी पद्धत ठेवा. विक्रेत्याकडून प्राण्याचं शास्त्रीय नाव, तो कुठे जन्मला याची माहिती आणि पावती लेखी मागा. तो टाळाटाळ करू लागला की तिथून निघा. शास्त्रीय नाव हातात आलं की वन विभागाच्या कार्यालयात विचारता येतं. फक्त “इम्पोर्टेड आहे साहेब” या शब्दांना कायद्यात किंमत नाही.

आता पेटीच्या मापाने पाहूया

एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच: एवढ्या जागेत खऱ्या अर्थाने मावणारी एक जात आहे, मॉर्निंग गेको. इथे मॉर्निंग म्हणजे सकाळ नव्हे, शोक. मंद, रडव्या आवाजावरून हे नाव पडलं. लांबी आठ-दहा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या पालीपेक्षाही लहान. गंमत अशी की यांच्यात जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. म्हणजे एक आणली तरी काही महिन्यांत पेटीत गोतावळा जमतो. त्या बोटभर फटीतूनही निसटतात. कोकणासारख्या दमट हवेत बाहेर पडलेली एक पाल वस्ती करू शकते. शिवाय ही जात अंदमान-निकोबारमध्येही आढळते, त्यामुळे तिला सरसकट परदेशी म्हणून विकत घेता येत नाही. माप जुळतं, पण बाकी प्रश्न उरतात.

दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच: ही उभी पेटी क्रेस्टेड गेकोची. हा न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, झाडावर राहणारा. एकेकाळी तो नामशेष झाला असं मानलं जात होतं, पण १९९४ मध्ये पुन्हा सापडला. डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर, शेपटीसह लांबी वीस सेंटीमीटरच्या आसपास, आयुष्य पंधरा वर्षं किंवा जास्त. पाण्यात कालवायची फळांची तयार पावडर हा त्याचा मुख्य आहार, त्यामुळे घरात किडे पाळायचं टेन्शन कमी. त्याची शेपटी एकदा तुटली की पुन्हा येत नाही, आपल्या पालीसारखं नाही.

मग अडचण कुठे? हवेत. त्याला २२ ते २६ अंश मानवतात. २८ च्या वर तापमान टिकलं तर त्याला त्रास होऊ लागतो. नागपूर, अकोला, जळगावचा मे महिना आठवा. तिथे या प्राण्यासाठी चोवीस तास एसी लागेल आणि वीज गेली तर दुसरी सोय. महाबळेश्वरला जमेल, विदर्भात नाही.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच: ‘मध्यम जागा, एक प्राणी’ या हिशेबात हे सगळ्यात उपयोगी माप. जगभर या मापाच्या पेटीत सगळ्यात जास्त पाळला जातो तो लेपर्ड गेको. लांबी वीस ते पंचवीस सेंटीमीटर, आयुष्य पंधरा-वीस वर्षं. तो जमिनीवर राहतो, काचेवर चढत नाही, डोळे मिटू शकतो आणि जाड शेपटीत चरबी साठवतो. शेपटी बारीक झाली की समजायचं, काहीतरी बिनसलं आहे.

पण भारतात इथे थांबून विचार करावा लागतो. ही जात अफगाणिस्तान-पाकिस्तानबरोबर वायव्य भारतातही आढळते. तिचे सख्खे नातेवाईक महाराष्ट्रातल्या माळरानांवर आणि सातपुड्यात राहतात. गावाकडे लोक त्यांना विषारी समजून मारतात, खरं तर त्यांना विष नसतंच. त्यामुळे लेपर्ड गेकोवर ‘विदेशी’ ही चिठ्ठी आपोआप लागत नाही. वन विभागाकडून स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय तो घेऊ नये, आणि रानातून उचलून आणायचा विचार तर मुळीच करू नये.

त्याच मापात बसणारा दुसरा उमेदवार म्हणजे आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको. पश्चिम आफ्रिकेतला, तेवढाच लांब, स्वभावाने संथ. उबदार टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश आणि गार टोकाला २४ ते २७ अंश त्याला पुरतात. म्हणजे मुंबई-पुण्याच्या घरात वर्षातले बरेच महिने फार कसरत करावी लागत नाही. लेपर्ड गेकोपेक्षा त्याला थोडा जास्त ओलावा लागतो, म्हणून पेटीत ओलसर शेवाळ भरलेला एक बंद डबा लपायला ठेवतात. आकार, स्वभाव आणि आपली हवा या तिन्हींचा विचार केला तर छोट्या जागेसाठी हाच सगळ्यात जवळचा पर्याय ठरतो, अर्थात कागदपत्रं चोख असतील तरच.

या मापात जे मावत नाहीत: दुकानात पिल्लं छोटी दिसतात म्हणून इथेच फसगत होते. बिअर्डेड ड्रॅगन ४५ ते ६० सेंटीमीटर वाढतो, त्याला किमान चार फूट बाय दोन फूट पेटी आणि ऊन खायला ४० अंशांच्या आसपास तापलेली जागा लागते. कॉर्न स्नेक चार-पाच फुटांचा होतो, त्याला अंग सरळ पसरता येईल एवढी पेटी हवी आणि खायला उंदीर हवेत. हिरवा इग्वाना तळहातावर मावतो तेव्हा गोड दिसतो, मोठेपणी तो शेपटीसह पाच-सहा फुटांचा होतो. त्याला पेटी पुरत नाही, खोली लागते.

पेटी आधी, प्राणी नंतर

समजा, सगळं जुळलं. तरी प्राणी आणि पेटी एकाच दिवशी आणू नका.

आधी पेटी लावा. एका टोकाला थर्मोस्टॅट जोडलेली हीट मॅट किंवा दिवा. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट म्हणजे पोट भाजण्याची हमी. दोन्ही टोकांना लपायला एकेक आडोसा, मध्ये एक ओलसर आडोसा, पाण्याची उथळ वाटी. खाली वाळूऐवजी फरशी किंवा साधा कागद, कारण वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊ शकते. पेटी मोठी पडली तर प्राणी बिचकतो असं म्हणतात. तो बिचकतो ते लपायला जागा नसेल तर.

मग दोन आठवडे ही रिकामी पेटी चालवून पाहा. भर दुपारी आणि पहाटे दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिहा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर पारा जातो, तेव्हा उबदार टोक उबदार राहतं का? दुपारी दोन तास वीज गेली तर काय होतं? आकडे नीट आले तर प्राणी आणा, नाही आले तर पेटीत बदल करा. या दोन आठवड्यांत कुणाच्या जिवाशी खेळ होत नाही.

आणखी एक गोष्ट. एका पेटीत एकच प्राणी. “एकटा आहे, कंटाळेल” ही माणसाची भावना झाली. गेकोचे दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना जखमी करतात.

घरातल्यांना विचारलंय का?

हा विनोद नाही. भिंतीवर पाल दिसली तरी झाडू घेऊन धावणारी आजी ज्या घरात आहे, तिथे पाल पाळायची म्हणजे आधी घरात बैठक व्हायला हवी.

फॅट-टेल्ड किंवा लेपर्ड गेको जिवंत किडे खातात. नाकतोडे, रातकिडे, मीलवर्म असं काहीतरी डब्यात सतत जिवंत ठेवावं लागतं. त्यावर कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्वाची पावडर भुरभुरवून मग ते खायला द्यायचे. शाकाहारी घरात हे चालणार आहे का, याचं उत्तर प्राणी येण्याआधी मिळायला हवं. रस्त्यावरचे किंवा स्वयंपाकघरातले किडे चालत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर औषध फवारलेलं असू शकतं.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. प्राणी निरोगी दिसतो, पण माणसाला जुलाब आणि ताप येतो. लहान मुलांना याचा सर्वाधिक धोका. अमेरिकेत चार इंचांपेक्षा छोट्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे, ती याच कारणाने, कारण मुलं छोटी कासवं तोंडात घालत होती. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस घरात असेल तर हा छंद पुढे ढकललेला बरा. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, आणि पेटीतली भांडी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुवायची नाहीत.

तिसरा प्रश्न डॉक्टरांचा. कुत्र्या-मांजराचे डॉक्टर गल्लोगल्ली सापडतात, पण पालीला तपासणारे फार कमी. असा डॉक्टर आपल्या शहरात आहे का, हे आधी शोधा. गणपतीत आठ दिवस गावी गेल्यावर पेटीकडे कोण बघणार, हेही ठरवून ठेवा. आणि पंधरा-वीस वर्षांचा हिशेब मांडा. आज दहावीत असलेला मुलगा तिशीत पोचेल तेव्हाही हा प्राणी जिवंत असू शकतो.

कासव आधीच घरी असेल तर?

लाज वाटून घेऊ नका, पण ते तलावात, नदीत किंवा विहिरीत सोडू नका. मोठी टाकी, चांगला फिल्टर, अंग कोरडं करायला उंच दगड आणि रोज थोडं कोवळं ऊन, एवढं तरी लगेच करा. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण हाडांसाठी लागणारे किरण काच अडवते. सांभाळणं शक्यच नसेल तर वन विभागाशी किंवा प्राणी वाचवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशी बोला. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. घरात तारा कासव किंवा दुसरा देशी प्राणी असेल तर हा फोन आजच करा.

आणि सगळा हिशेब मांडून उत्तर “आत्ता नको” असं आलं, तर तेही चांगलंच उत्तर आहे. पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान आहे, चेन्नईजवळ मद्रास क्रोकोडाइल बँक आहे, तिथे हे प्राणी त्यांच्या मापाच्या जागेत पाहता येतात. संध्याकाळी ट्यूबलाइटजवळ येऊन किडे टिपणारी घरातली पालही काही कमी नाही. तिला ना पेटी लागते, ना नोंदणी.

दुकानातल्या भांड्यासमोर पुन्हा उभे राहाल तेव्हा किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा मोठा झाल्यावर केवढा होतो? आणि किती वर्षं जगतो? या दोन्ही उत्तरांना पुरेल एवढी जागा घरात असेल, तरच खिशात हात घाला.